इंकीला काळा रंग द्यावा

३ नोव्हेंबर २०१९, रविवार

जेनिसला जाऊन आज दोन वर्षं झाली. गेली म्हणजे देवाघरी नव्हे, वेल्सला. तिथे एक गृहस्थ लोकांच्या घरामागे काचेच्या खोल्या बांधून देतो, त्याच्याकडे. जाताना म्हणाली, "कीथ, तू त्या खोक्यांशीच लग्न करायला हवं होतंस." विचार केला तर कल्पना वाईट नव्हती. खोक्यांनी अजून एकदाही माझा चहा पांचट म्हटलेला नाही.

खोक्यांत ‘रंपस’ आहे. पोरांचं चित्रसाप्ताहिक, बावीस वर्षांचे अंक, वर नाताळ अंक वेगळे. नाताळ अंक जाड पुठ्ठ्याचा, आणि त्यावर नेहमी पुढच्या वर्षाचा आकडा. त्यामुळे नाताळच्या सकाळी आम्हा पोरांना आठ दिवस आधीच नवं वर्ष मिळायचं. मोठेपणी एकही वर्ष तसं आधी आणि फुकट मिळालं नाही.

तर बातमी अशी, की गावच्या वाचनालयाने डिसेंबरसाठी वरच्या मजल्यावरची काचेची पेटी आणि एक भिंत मला दिली आहे. प्रदर्शनाचं नाव ‘रंपसचे दिवस’. वृत्तपत्राच्या कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांचे स्वल्पविराम सुधारले, शेवटी घड्याळ हातात देऊन दार दाखवलं. सत्तावन्नाव्या वर्षी हडर्सफील्डमध्ये पहिल्यांदाच माझ्या नावाचं काहीतरी लागतंय. सांगायला कोणी नाही म्हणून इथे लिहिलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

वाचनालयातली शाझिया महमूद निवडलेली पानं बघायला बसली. तिशीची असेल. बोलणं गोड, नजर सीमा-शुल्कवाल्याची. सगळं बघत गेली आणि इंकीवर थांबली.

"हा कोण?"

"इंकी! बोंगाबोंगा बेटावरचा. कॅप्टन व्हिस्करच्या जहाजावर असतो. शाईसारखा काळा म्हणून इंकी."

"याचे ओठ असे का आहेत?"

"अगं, व्यंगचित्र आहे ते. कॅप्टनचं नाक बघ ना, भरताचं वांगं आहे."

"कॅप्टनच्या नाकावरून शाळेत कोणाला हाक मारायचे का?"

आता अशा पोरीपुढे काय बोलणार. मी म्हटलं, "माझा सगळ्यात जवळचा मित्र म्हणजेच इंकी! आमच्या वर्गातला एकुलता एक काळा मुलगा. अख्खा वर्ग त्याला इंकी म्हणायचा. तोही हसायचा."

"हसायचे ते?"

"हसायचा म्हणजे... काही म्हणायचा नाही."

तिने वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाली, "त्यांनाच बोलवा की उद्घाटनाला."

तिला वाटलं मला कोंडीत पकडलं. मला वाटलं, एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही!

घरी येऊन फोटो शोधला. २२ जानेवारी १९७२, माझा दहावा वाढदिवस, वेशभूषेची पार्टी. मी इंकी झालोय. बूच जाळून तोंड, मान, हात सगळं काळं केलंय, कमरेला आईचा फाडलेला हिरवा पडदा. शेजारी खरा इंकी, म्हणजे ऑगस्टीन बेथेल, पांढऱ्या शर्टात. मी त्याच्या गळ्यात हात टाकलाय. मी बत्तिशी दाखवतोय, तो अजिबात हसत नाहीये. कॅमेऱ्याला फार लाजायचा.

हाच फोटो मोठा करून भिंतीच्या मधोमध लावायचा. काळा-गोरा भेद आमच्यात नव्हता, याला आणखी काय पुरावा पाहिजे?

११ नोव्हेंबर, सोमवार

पेटीत ठेवायला १९७२चा नाताळ अंक काढला. गंमत म्हणजे हा माझा नव्हेच. नाताळानंतर आम्ही पोरं एकमेकांचे अंक अदलाबदली करून वाचायचो. इंकी त्या वाढदिवसाला आपला अंक घेऊन आला होता, तो आमच्याकडेच विसरला, आणि परत न्यायला कधी आलाच नाही. आमचं भांडण वगैरे काही नाही. फक्त तो यायचा थांबला. पुढे कळलं, ती मंडळी लीड्सला गेली. पहिल्या पानावर ‘हे पुस्तक ____ याचे’ असं छापलंय, तिथे गोल अक्षरात त्याचं नाव.

अंक झकास, पण मधली चार पानं वाया गेलीत. तिथे रंगवायचा विभाग आहे. नुसत्या रेघांची बारा चित्रं, प्रत्येकात इंकीचं मोकळं गोल तोंड, आणि खाली सूचना: ‘इंकीला काळा रंग द्यावा.’ संग्राहकाला ही पानं कोरी मिळाली तर तो देव्हाऱ्यात ठेवील. पण ह्या पठ्ठ्याने रंग दिलाच नाही. पेन्सिलने बाराही तोंडांवर गिरगोटा करून ठेवलाय. छापलेल्या ओठांवरून दुसरे ओठ, वेगळं नाक. एकाला चष्मा आणि बस कंडक्टरची टोपी. एका ठिकाणी डोक्याला रुमाल बांधलेली बाई. एक चर्चमधला पाद्रीबुवा असावा. शेवटच्या चौकटीत तर चक्क एक माकडतोंड्या पोरगा, किटलीच्या कानासारखे कान बाहेर आलेले, पुढचा दात पडलेला. हात मात्र चांगला होता हं पोराचा. पण सूचना वाचायला काय झालं होतं?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दुपारी लागल्या. जुनी युक्ती: कालच्या पांढऱ्या पावाचा मऊ गर घ्यायचा, मळून गोळी करायची, आणि कागदावरून हलक्या हाताने फिरवायची. रबराने कागद सोलतो, पावाने नाही. गोळी काळी झाली की टाकायची आणि नवी घ्यायची. एक अख्खा पाव गेला. कंडक्टरचा चष्मा फार चिवट निघाला, पोराने पेन्सिल दाबून काढलेली.

आता पानं कशी लख्ख झालीत! बारा इंकी, छापले तसे. काळ्या गोळ्या मागच्या अंगणात टाकल्या, त्या चिमण्यांनी नेल्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सापडला! बेथेल मंडळी मूळची जिथली, त्या कॅरियाकू बेटावरून आलेल्या लोकांचा गावात एक क्लब आहे, तिथे फोन केला. मागे डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज. एक म्हातारी म्हणाली, "कोणता बेथेल? कंडक्टरचा ऑगस्टीन? तो लीड्सला असतो रे राजा. थांब, नंबर देते. पण तुला कशाला हवाय? पोलीस का तू?"

"नाही हो, मित्र."

"मित्र, आणि नंबर नाही?" म्हातारी खोचक होती.

लावला. म्हटलं, "इंकी! अरे मी बोलतोय, कीथ! कीथ हेग!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग म्हणाला, "या नावाने मला हाक मारलेली ऐकून सत्तेचाळीस वर्षं झाली."

आवाज भरून आला होता बिचाऱ्याचा.

मी प्रदर्शनाचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचा, आता निवृत्त. येशील का म्हटलं, तर म्हणाला, "नाही रे, मला असले कार्यक्रम जमत नाहीत." मी आपला बोलत राहिलो, बोलता बोलता म्हटलं, "तुझा नाताळ अंकसुद्धा आहे पेटीत, बाहत्तरचा."

तिकडे रेडिओ बंद झाला.

"तो अजून आहे?"

"आहे म्हणजे! कसा ठेवलाय बघशील तर."

"मधली पानं आहेत? रंगवायची?"

"एकूण एक."

"येतो," तो म्हणाला. "कार्यक्रमाला नाही. पुस्तक बघायला येतो."

फोन ठेवल्यावर घरभर फिरलो. मग स्वतःसाठी दोन अंडी तळली आणि ताटलीत घेऊन, टेबलाशी बसून, माणसासारखं जेवलो. एरवी मोरीपाशी उभ्यानेच होतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शाझियाशी वाद. तिचं म्हणणं, इंकीच्या पानांशेजारी दोन ओळींचं कार्ड हवंच. मी लिहून दिलं: ‘त्या काळी कोणाला काही वाटत नसे.’

"तुमच्या मित्राला विचारलं?"

"तो स्वतः येतोय, आणखी काय विचारायचं?"

"काय म्हणाले ते? नेमकं?"

मी सांगितलं. पुस्तक बघायला येतो म्हणाला.

शाझियाने माझं कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "कीथ, तो फोटो एवढा मोठा लावायलाच हवा का?" मी म्हटलं, हवा. तिने लावू दिला. लोकांना आपल्याच पायांनी खड्ड्यात जाऊ देण्याची सरकारी नोकरांत एक कला असते, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. (हे वाक्य नंतर घातलंय.)

३० नोव्हेंबर, शनिवार

उद्घाटन दोनला होतं. अकरा माणसं आली, त्यांतली दोन शौचालय शोधत. एकजण रंपसचा जुना बिल्ला लावून आला होता. अर्धा तास माझं मनगट धरून सांगत होता, की हल्ली या देशात काही बोलायची सोयच राहिलेली नाही. अर्धा तास! मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

पावणेतीनला ऑगस्टीन आला. उंच, काठी घेतलेला, करडा कोट, केस पांढरे. मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं.

"कान तेच आहेत," तो म्हणाला.

मी हात पुढे केला. त्याने घेतला, पण त्याची नजर भिंतीवर होती. फोटोसमोर जाऊन उभा राहिला.

"हा काळा, तो तू."

"मग! जळकं बूच. आई तीन दिवस घासत होती मला."

"तुझा निघाला," तो म्हणाला.

मी हसलो. बिल्लेवालाही हसला. ऑगस्टीन हसला नाही. म्हणाला, "पुस्तक?"

शाझियाने पेटी उघडून दिली. त्याने आधी आपलं नाव बघितलं, त्यावर बोट ठेवलं. मग मधली पानं काढली. पहिलं उलटलं, दुसरं उलटलं. परत पहिल्यावर आला. चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा लावला.

"कुठे गेले?"

"कोण?" मी विचारलं. आणि मग, देवा, मी चक्क छाती फुगवून सांगितलं, "अरे हो! खूप गिरगोटा होता तिथे. मी साफ केला. पावाने. तीन दिवस खपलोय, एक रेघ शिल्लक ठेवली नाही."

तो पानाकडेच बघत होता. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"त्या नाताळात बाबा आजारी होते. घरीच असायचे, म्हणून बसून राहायचे. एरवी कामावर. मी म्हटलं, टोपी घाला. त्यांनी पायजम्यावर टोपी घातली आणि तास न् तास बसले. हे ते. ही आई. ही टेस आत्या. बारा जण होते." पान मिटलं. "तुझ्या वाढदिवसाला तुला दाखवायला आणलं होतं. फेब्रुवारीत बाबा गेले. आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, चार. सगळ्यांत ते बसपाशी उभे, अंगठ्याएवढे. जवळून त्यांना फक्त मीच काढलं होतं."

"मग न्यायला का नाही आलास?"

त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुस्तक पेटीत ठेवलं, शाझियाला "आभारी आहे, बाई" म्हणाला, आणि जिना उतरून गेला. त्याच्यासाठी ओतलेला चहा टेबलावर तसाच होता. नंतर बिल्लेवाल्याने प्याला.

१ डिसेंबर, रविवार

काही नाही.

२ डिसेंबर, सोमवार

त्याने सांगायला नको होतं का? फोनवर विचारलं तेव्हाच सांगायचं. आणि पानावर काय लिहिलं होतं, ‘पुसू नये’? लिहिलं होतं, ‘काळा रंग द्यावा’. कुठल्याही संग्राहकाने हेच केलं असतं. कुठल्याही.

वरचा परिच्छेद तीनदा वाचला. त्या बिल्लेवाल्याचा आवाज ऐकू येतो.

४ डिसेंबर, बुधवार

फोटोची मूळ प्रत भिंग लावून पाहिली. सत्तेचाळीस वर्षं मी या फोटोत मलाच बघत आलो. ऑगस्टीनने नाताळ अंक दोन्ही हातांनी छातीशी धरलाय. पानात एक बोट घातलेलं आहे, जागा सापडावी म्हणून. आणि मी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात जरा सरकलाय, तिथे त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या पाच बोटांचा काळा ठसा आहे. तो घालून तो घरी गेला असणार. दार त्याच्या आईने उघडलं असणार. आत बाबा आजारी.

माझी आई मला तीन दिवस घासत होती, हे मी आयुष्यभर विनोद म्हणून सांगितलं. तो शर्ट कोणी घासला, हे मनात आलं नाही.

वाचनालयात जाऊन मोठा फोटो उतरवला. मग कार्डावरचं वाक्य सुधारलं. तीस वर्षांची सवय, एक शब्द खोडून वर दुसरा. ‘त्या काळी मला काही वाटत नसे.’ शाझियाने वाचलं. आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली, तोही पांचट.

७ डिसेंबर, शनिवार

पुस्तक त्याला टपालाने पाठवून द्यायचं ठरवलं. माफीचं पत्र पाचदा लिहिलं, पाचही वेळा त्यात मीच फार चांगला दिसत होतो. मग नुसतंच पाठवू म्हटलं आणि पेटीतून काढायला गेलो. सव्वादोन वाजले होते. आठवड्यात पहिल्यांदाच ऊन पडलेलं, डिसेंबरातलं, जमिनीला घासत येणारं. खिडकीशी उभं राहून शेवटचं म्हणून पान उघडलं, आणि ऊन कागदावर आडवं आलं.

टोपी दिसली.

पेन्सिल गेली होती, पण दाबलेला चर गेला नव्हता. आधी टोपीची कड, मग चष्मा. हनुवटीखाली झोपायच्या सदऱ्याची कॉलर. पान जरा हललं की माणूस नाहीसा, परत तिरकं धरलं की समोर. छापलेले जाड ओठ होते तिथेच, पण त्यांच्यावरून, त्यांना न जुमानता, दुसरंच तोंड उमटलं होतं. दमलेलं, आणि हसू आवरणारं. पायजम्यावर टोपी घालून बसलेला माणूस हसू आवरणारच.

वीस मिनिटांत ऊन पलीकडच्या छपरामागे गेलं. कोरे बारा इंकी उरले.

फोन केला. मी "ऑगस्टीन" म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं असावं, जीभ अडली. सगळं सांगितलं. दिव्यानेही करून पाहिलं, पण दिव्यात नीट दिसत नाही, ऊनच लागतं, हेही सांगितलं.

"हडर्सफील्डमध्ये," तो म्हणाला. "डिसेंबरात. ऊन."

"पडलं की लगेच फोन करतो."

"गाडीने चाळीस मिनिटं लागतात मला."

"सकाळी आभाळ बघूनच करतो. रोज करतो."

"कर," तो म्हणाला.

९ डिसेंबर, सोमवार

ढग. फोन केला. "ढग," म्हटलं. "इकडेही," म्हणाला. ठेवला.

१० डिसेंबर, मंगळवार

ढग, वर पाऊस. तोच फोन.

१२ डिसेंबर, गुरुवार

मतदान. ढग. मी म्हटलं, "आभाळाचं काही खरं नाही." तो म्हणाला, "देशाचंही नाही." सहा शब्द जास्त झाले. दिवसभर पुरले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

ढग. त्याने विचारलं, "ती जेनिस कोण, जिच्याबद्दल तू त्या शनिवारी म्हणालास, की तिला इथली हवा मानवत नसे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बाई काचेच्या घरात राहायला गेली. तिथे ऊन असेल." हसला की काय, ते कळलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

वाचनालय बंद. तरी फोन केला. ढगच होते.

१७ डिसेंबर, मंगळवार

ऊन.

सकाळी साडेनवालाच आभाळ धुतल्यासारखं. दीडला, त्या खिडकीत ऊन यायच्या वेळेला, तो वाचनालयात होता. शाझियाने खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं. त्याने पिशवीतून आराखड्यांचा पारदर्शक कागद काढला, चार पेन्सिली, टोक केलेल्या. कोट खुर्चीला लावला.

"पुस्तक तू धर," तो म्हणाला. "उन्हाला तिरकं. थोडं खाली. आणखी. बास. हलू नकोस."

मी धरलं. तो कागद वरून लावायचा, बाजूला घ्यायचा, चर बघायचा, रेघ ओढायचा. आराखडा काढणाऱ्याचा हात, एक रेघ दोनदा नाही. टोपी आली. चष्मा आला. मध्येच थांबून पुटपुटला, "डावा कान चुकला होता तेव्हा." आणि तो तसाच चुकलेला काढला.

बाबा झाले. आई झाली. टेस आत्या, पाद्रीबुवा, सगळे. माझे हात भरून आले, खांद्यात कळ मारत होती. शाझिया म्हणाली, "मी धरू का?" तो वर न बघता म्हणाला, "नाही. तोच धरील." मी हललो नाही.

अकरा जण झाले तेव्हा ऊन छपराला टेकलं होतं. पानाच्या शेवटच्या चौकटीत तो पोरगा दिसत होता. किटलीच्या कानासारखे कान, पडलेला दात. बाहत्तरच्या जानेवारीत माझा पुढचा दात पडलेला होता. फोटोतही नाहीये. पाव फिरवायच्या आधी मी त्याला माकडतोंड्या म्हटलं होतं.

ऑगस्टीनने पेन्सिल उचलली. त्या चौकटीकडे बघितलं. मी पुस्तक धरून होतो, चांगलं तिरकं, अजून दोन-तीन मिनिटांचं ऊन होतं.

त्याने पेन्सिल ठेवली. कागदांची गुंडाळी केली, रबरबँड लावला. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि पिशवीत ठेवलं.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

जिन्यापर्यंत गेलो. तिथे तो काठी टेकून थांबला. म्हणाला, "खांदा शेकून घे, कीथ." आणि उतरून गेला.

पेटीत अंकाच्या जागी आता फक्त कार्ड आहे. शाझिया म्हणाली, राहू दे.

१८ डिसेंबर, बुधवार

उठल्याबरोबर पडदा सारून आभाळ बघितलं. आता बघायचं काही कारण नाही.

ढग.

फोनपाशी थोडा वेळ बसलो.